खांबावरचे जावईबापू

देशातल्या प्रत्येक चौकात आणि नदीकाठच्या प्रत्येक गल्लीत सरकारने एकेक खांब उभा केला, खांबावर भोंगा बसवला, आणि "नागरिकांनो, शांत राहा" असं सांगायला जो माणूस निवडला तो घरात झुरळ दिसलं की स्टुलावर चढायचा. सरकारला हे कळायला काही मार्ग नव्हता. आवाजाच्या चाचणीत झुरळ सोडत नाहीत.

हा माणूस धंद्याने निवेदक. उंच इमारतींच्या लिफ्टमध्ये "दरवाजा बंद होत आहे" म्हणणारा आवाज त्याचा, आणि बँकेच्या फोनवर "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" असं सांगून माणसांना ताटकळत ठेवणाराही त्याचाच. गल्लीत त्याला सगळे लिफ्टकाका म्हणत. त्याला हे नाव फारसं आवडत नसे, पण याहून चांगलं नाव पडावं असं आपण काही केलेलं नाही, हेही त्याला कबूल होतं.

मग राष्ट्रीय आपत्ती सज्जता धोरण आलं. पूर असो, आग असो, वायुगळती असो, सगळ्या देशाने एकच आवाज ऐकावा आणि निमूट घराबाहेर पडावं असं ठरलं. तज्ज्ञांच्या समितीने पुष्कळ आवाज ऐकले आणि त्यातून याचा निवडला, कारण तो ऐकून माणसाच्या नाडीचे ठोके कमी होतात म्हणे. त्या दिवशी घरी येताना त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

"माझे तर वाढतात," बायको म्हणाली. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करायची, त्यामुळे नाडीबिडीच्या बाबतीत घरात तिचाच शब्द शेवटचा असे.

सासूबाई त्यांच्याकडेच राहत. त्या खुर्चीत बसून कुणाच्या तरी शर्टाला बटणं लावत होत्या. "अभिनंदन, जावईबापू," त्या मान वर न करता म्हणाल्या. "आता सगळा देश तुमचं ऐकणार. त्यात घरातलं एखादं माणूस कमी पडलं तर चालेल ना?"

धोरण बनवणारे हुशार होते. आज सराव आहे असं आधी सांगितलं की लोक गाफील राहतात, म्हणून सराव न सांगता घ्यायचा, आणि सरावाचा संदेश नि खऱ्या संकटाचा संदेश अगदी एकच ठेवायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. देशभर ते छान चाललं. भोंगा बोलू लागला की लोक गॅस बंद करत, म्हाताऱ्यांचा हात धरत आणि चालू लागत.

फक्त त्याच्या गल्लीत ते चालेना. आणि गल्ली तर उताराच्या पार तळाशी, नदीला अगदी खेटून. पहिल्या सरावाला भोंगा म्हणाला, "नागरिकांनो, लक्ष द्या. शांत राहा. न धावता उंच जागेकडे चला," आणि गल्लीत हशा पिकला. किराणा दुकानदाराने दुकानातूनच खांबापुढे हात जोडले आणि विचारलं, "काका, तिसऱ्या मजल्यावर थांबवाल का?" एक माणूस जागचा हलला नाही. निवेदक एकटाच टेकडीवरच्या शाळेपर्यंत गेला, तिथल्या पायरीवर जरा वेळ बसला आणि आपण इथे कुणाची वाट बघतोय हे न कळून परत आला.

दुसऱ्या सरावालाही तीच गत झाली, तेव्हा सज्जता कार्यालयाच्या अधिकारी बाई स्वतः गल्लीत आल्या.

"सगळ्या जिल्ह्यात तुमची गल्ली शेवटची आहे," त्या दुकानासमोर उभ्या राहून म्हणाल्या. "यांचा आवाज देशभर चालतो. मग इथेच काय अडतं?"

"बाई, देशाला हे माहीत नाहीत," दुकानदार म्हणाला. "आम्हाला माहीत आहेत. यांच्या घरातला फ्यूज उडाला की मी जाऊन बसवतो. हे लांबून टॉर्च धरतात."

"टॉर्चही हलतो," शेजारचे शिंपी म्हणाले.

निवेदकाला यातला शब्दन् शब्द पटला, हीच खरी पंचाईत होती. त्यांच्या जागी तो स्वतः असता तर त्यानेही आपलं ऐकलं नसतं.

बाईंनी त्याला बाजूला घेतलं. "एका गल्लीसाठी आवाज बदलता येत नाही, धोरणात तशी सोयच नाही. पण वर धरण आहे. कधीतरी दरवाजे उघडावे लागणारच. त्या दिवशी ही सगळी माणसं अशीच हसत बसली तर बुडतील. तुमची माणसं आहेत, तुम्हीच त्यांना समजवा."

हे मात्र त्याच्या मनाला लागलं. तो घरोघरी गेला, आपल्या कमावलेल्या आवाजात सगळ्यांना धोका समजावून सांगितला, आणि सगळ्यांनी त्याला चहा पाजला. शिंप्यांना तर ऐकता ऐकता डुलकी लागली. समितीचं म्हणणं खरं होतं, ठोके कमी होत होते.

"आई, निदान तुम्ही तरी उठत जा," त्याने घरी येऊन सासूबाईंना विनवलं. "तुम्ही निघालात की गल्ली निघेल. तुमच्या शब्दाला इथे मान आहे."

"तुमचं बोलणं फार गोड, जावईबापू," त्या म्हणाल्या. "कुठे अडखळत म्हणून नाही. लग्नाच्या बोलणीतही नव्हतं अडखळलं. जे अडखळत नाही ते मला खरं वाटत नाही, काय करू?"

आणि मग एका सकाळी भोंगा बोलू लागला. आकाश लख्ख होतं. बायको कामावर गेली होती. निवेदक आरशासमोर दाढी करत होता आणि खरं सांगायचं तर मान कलती करून स्वतःलाच कौतुकाने ऐकत होता. 'उंच जागेकडे' मधला 'उंच' आपण जरा जास्तच दाबला, असं त्याला वाटत होतं. तेवढ्यात फोन वाजला.

अधिकारी बाई होत्या, आणि त्यांचा आवाज मुळीच कमावलेला नव्हता. "हा सराव नाही. वर डोंगरात रात्रभर पाऊस कोसळलाय, धरणाचे दरवाजे उघडलेत. तुमची गल्ली निघाली का?"

अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून तो बाहेर धावला. गल्ली आपल्या जागी होती. दुकानदार साखर तोलत होता, शिंपी सुईत दोरा ओवत होते. निवेदकाने तोंड उघडलं आणि सवयीने तोच आवाज बाहेर पडला, गोल, गुळगुळीत, घाई नसलेला. "नागरिकांनो, हा सराव नाही. कृपया शांतपणे..." वरून भोंगाही त्याच आवाजात, त्याच चालीत बोलत होता. हसून हसून शिंप्यांच्या हातातली सुई पडली.

"काका, आज वरून पण तुम्ही आणि खालून पण तुम्ही?" दुकानदार म्हणाला.

गल्लीच्या टोकाला गटाराचं झाकण होतं. ते हललं, एका बाजूने उचललं गेलं, आणि खालून तांबडं पाणी गुपचूप रस्त्यावर पसरू लागलं. त्या दिशेला तोंड करून फक्त निवेदक उभा होता. त्याच्या तोंडचं पाणी पळालं आणि तो आल्या पावली घरात पळाला.

सासूबाई खुर्चीत होत्या. "फेस वाळतोय तुमचा," त्या म्हणाल्या.

ज्या वाक्यावर त्याचं घर चाललं होतं ते वाक्य त्याला आठवेना. एक शब्दसुद्धा आठवेना. "आई," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरकला. "आई, उठा ना. पाणी येतंय. मला... मला फार भीती वाटतेय. तुम्ही उठला नाहीत तर मी काय करू? मला उचलता पण नाही येणार तुम्हाला."

सासूबाईंनी मान वर केली. इतक्या वर्षांत त्यांनी जावयाकडे इतका वेळ कधी बघितलं नव्हतं. मग त्यांनी सुई शर्टात खोचली आणि खुर्चीचे हात धरून त्या उठल्या.

"मी निघते," त्या म्हणाल्या. "तुम्ही बाहेर जाऊन असंच सांगा. एक अक्षर सुधारू नका."

'पळा' हा शब्द धोरणात बसत नव्हता. त्याने चेंगराचेंगरी होते, म्हणून तो संदेशात कुठेही येऊ नये अशी समितीची सक्त सूचना होती. निवेदक तोच शब्द ओरडत गल्लीभर सुटला, फाटक्या, रडक्या, कुणीही पैसे दिले नसते अशा आवाजात. वरून तो म्हणत होता, न धावता चला. खालून तो म्हणत होता, पळा हो, पळा. गल्लीने त्या दिवशी प्रथमच दोघांमधला एक निवडला. दुकानदाराने त्याचा चेहरा पाहिला मात्र, तराजू तसाच टाकला आणि शिंप्यांना दंडाला धरून उठवलं. बघता बघता घरं रिकामी झाली.

पाणी खिडक्यांना लागलं तेव्हा सगळी गल्ली टेकडीवरच्या शाळेत होती, एकूण एक माणूस. निवेदक तिथे पोहोचताच मटकन खाली बसला, आणि सज्जता पथकाने पहिलं ब्लँकेट त्यालाच गुंडाळलं. पुरातून कुणाला वाचवून आणलंय असं त्यांना वाटलं असणार. त्याने ते काढलं नाही. त्याला खरंच थंडी वाजत होती.

पुढे समितीने खास अपवाद केला. या एका गल्लीसाठी त्याचा तो घाबरलेला आवाज रेकॉर्ड करायचा ठरलं. स्टुडिओत तो अर्धा दिवस घाबरत होता. "पळा हो," असं त्याने जीव तोडून म्हटलं, आणि काचेपलीकडे बसलेल्या अधिकारी बाईंना जांभई आली. त्यांनी माफी मागितली आणि तो विषय तिथेच मिटला. खांबावर जुनाच आवाज राहिला.

घरांतला गाळ निघाला, भिंती सुकल्या, आणि पुन्हा एकदा भोंगा बोलू लागला. निवेदक दारात आला. बघतो तर सगळी गल्ली आपापल्या दारात उभी, आणि खांबाकडे कुणी बघतच नाही, सगळे त्याच्या तोंडाकडे बघतायत. त्याने जमेल तेवढा घाबरट चेहरा केला. दुकानदाराने तो नीट न्याहाळला, मान हलवली आणि परत साखर तोलायला गेला.

आता या गल्लीचा भोंगा म्हणजे कायमचा आपल्या मानेवरचा हा चेहराच, हे त्याला कळून चुकलं. ज्या दिवशी आपण गावाला जाऊ, झोपून राहू किंवा नुसते जरा उशिरा घाबरू, त्या दिवशी ही माणसं बुडतील. खिन्न होऊन तो आत वळला तर सासूबाई चपला घालून भिंतीला धरून उभ्या होत्या.

"आई, फोन आलेला नाही," तो म्हणाला. "बहुतेक सरावच आहे."

"असू दे."

"मग उठलात कशाला? मी घाबरलोय असं वाटलं का?"

"नाही घाबरलात, तेच बरं आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही घाबरेपर्यंत थांबायचं म्हणजे परत तो चेहरा बघायचा. मला नाही बघवत तो. त्या दिवशी बघितला तेवढा पुरे."

त्याने हात पुढे केला. त्यांनी तो धरला.

सासूबाई रस्त्यावर आलेल्या पाहून दुकानदाराने मोठा उसासा टाकला आणि शटर ओढलं. शिंपी निघाले, मग समोरच्या घरातली माणसं निघाली. चढावर सासूबाईंचे गुडघे धरले की त्या थांबत, आणि मागे सगळी गल्ली थांबे. वर भोंगा एकसारखा सांगत होता, शांत राहा, न धावता चला.

"किती बोलता हो तुम्ही," सासूबाई म्हणाल्या, आणि त्याचा हात जरा घट्ट धरून पुढचं पाऊल टाकलं.