शिळे बांगडे

गंगाधरने अंगठ्याने बांगड्याचा कल्ला उघडला आणि तोंड कडू केलं. कल्ला काळपट, डोळे आत गेलेले. हा सलग तिसरा रविवार! गेले दोन रविवार मासे फेकून डाळभातावर भागवलं होतं. मालवणी माणसाच्या पोराने असा बाजार करावा?

"हे त्या तुळसा कोळणीने तुझ्या गळ्यात मारले की तूच उचललेस?"

"मीच निवडले, बाबा," उत्तम म्हणाला. कॉटन ग्रीनच्या गोदामात एवढा कारकून, पण चेहरा कसा बावळट!

"मांजरसुद्धा हुंगणार नाही रे!"

संपाआधी रविवारची पिशवी गंगाधरच्याच हातात असायची. गिरणी बंद पडली, घर उत्तमच्या पगारावर चालू लागलं, आणि गंगाधरने पिशवी खिळ्याला अडकवली ती कायमची. पोराच्या पैशाने बाजार करायला त्याचा हात धजेना. तीन वर्षं तो दाराशी बसून होता. ताटात पडेल ते खात होता, बरंवाईट काही म्हणत नव्हता.

पण शिळा बांगडा म्हणजे हद्द झाली.

"आण ती पिशवी. आणि पैसे दे."

बोलून गेल्यावर तो स्वतःच चपापला. उत्तमने नोट पुढे केली तोवर त्याच्या आईने, दमयंतीने, पिशवी झटकून दिलीसुद्धा.

बाजारात त्याला पाहताच तुळसा कोळीण खुलली.

"भाऊ! आज वाट सापडली होय?"

"पोराला फसवतेस गं?"

"मी फसवते?" तुळसाने कमरेवर हात ठेवले. "तुमचा पोर कल्ले उघडून बघतो, ताजा बांगडा बरोबर ओळखतो नि परत ठेवतो. म्हणतो, मावशी, कालचे दे, घरच्या मांजराला हवेत. कसलं लाडाचं मांजर पाळलंय तुम्ही?"

घरात मांजर नव्हतं. गंगाधरला असं हसू फुटलं की डोळे पुसावे लागले. त्याने एकेक बांगडा उलटापालटा करून पाहिला, तुळसाशी मनसोक्त हुज्जत घातली आणि छाती काढून घरी आला.

"काय म्हणाली तुळसा?" उत्तमने भीत भीत विचारलं.

"म्हणाली, पोराला अक्कल नाही. पुढच्या रविवारपासून तू बाजारात फिरकायचं नाहीस. पैसे तेवढे सकाळीच काढून ठेव."

दुपारी तिरफळं घातलेल्या कालवणाच्या वासाने चाळीचा अर्धा मजला दरवळला. दमयंती वाढायला बसली. गंगाधरने आपलं ताट पुढे सरकवलं.

"मांजराला मोठा तुकडा वाढ गो," तो म्हणाला, आणि उत्तमकडे न बघता भात कालवू लागला.