काटा वजाकडेच

मी एक जुना डायनॅमो आहे, मित्रांनो. नागपुरातल्या नानाजींच्या जुन्या गाडीत, बॉनेटखाली, त्या सकाळी एक बॅटरी, एक रेग्युलेटर, एक पट्टा आणि मी होतो. सगळे जागच्या जागी. तरी इंजिन चालू असूनही चार्जिंगचा काटा वजाकडेच झुकलेला.

इंजिनाबरोबर फिरायचे आणि बॅटरी भरायची, हे माझे काम. काटोलहून संत्री आणायच्या दिवसांत नानाजी माझे भारी कौतुक करत. मग गाडी ताडपत्रीखाली गेली. त्या सकाळच्या दोन दिवस आधी त्यांचे जुने दोस्त, कळमेश्वरचे मिस्त्री गणपतराव, यांनी मला काढून नवे कार्बन ब्रश घातले. नानाजींनी मला आणि मला इंजिनाला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटला हौसेने चंदेरी रंग दिला. गणपतरावांनी मला पुन्हा बसवले, आणि मी नापास झालो.

मी बॅटरीवर संशय घेत होतो, बॅटरी माझ्यावर. नानाजींचा संशय मात्र मित्रावर होता.

"आतला माल बदलला गा तू! मायं चांगलं आर्मेचर काढून जळकं टाकलं."

"मले चोर म्हनून राहिले, नानाजी?" गणपतरावांनी पाने पिशवीत कोंबले. "मंग दुसरा मिस्त्री पाहा. मी या दारात पुन्हा येत नाही."

"जा ना! काहून थांबला?"

नानाजींची नात धनश्री, नुकतीच भौतिकशास्त्राची पदवी घेतलेली, मीटर घेऊन मध्ये शिरली. "भांडण मंग करा, आबाजी. आधी मोजू द्या. काका, तुमी इंजिन चालू करा."

तिने माझ्या तारेचे टोक आणि माझ्या अंगावरचा रंग न लागलेला बोल्ट यांच्यात मोजले. सोळा व्होल्ट.

"वीज तर बनून राहिली," ती म्हणाली. मग बोल्ट आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यात मोजले. तिथे शून्याच्या जवळपास यायला हवे होते. नऊ आले.

बॅटरीतून वीज माझ्याकडे परतते ती इंजिन आणि ब्रॅकेटमार्गे, माझ्या अंगातून. तिची ती वाटच अडली होती. धनश्रीने इंजिन बंद करून ब्रॅकेटच्या सांध्यावर नख फिरवले. चंदेरी पापुद्रा निघाला; रंगातून वीज जात नाही.

"रंग कोणी दिला?"

"मीच," नानाजी हळूच म्हणाले.

गणपतरावांनी पिशवी खाली ठेवली. "डायनॅमोले लग्नात न्यायचं होतं काय?"

"बोल गा, अजून बोल. चुकलो मी."

दोघांनी मिळून पॉलिश पेपरने सांधा घासला आणि बोल्ट आवळले.

मित्रांनो, आम्हाला चकचकीत करा, पण जिथे धातू धातूला भेटतो ती जागा मोकळी ठेवा. आणि कोणाला चोर ठरवण्याआधी मोजून पाहा.

गणपतरावांनी इंजिन चालू केले. नानाजींनी स्वतः मीटर बॅटरीला लावला. चौदा पूर्णांक दोन व्होल्ट, आणि काटा अधिककडे.