तळ्यावरचं फिरणं

तळ्याकाठी बायको पाय घसरून पडली, हात मोडला आणि मी हबकलो. हात बरा झाल्यावर ती पुन्हा बाहेर निघाली, पण तोवर मुलाने चालण्याचं यंत्र घरी आणलं होतं.

"आई, चालायचं ते इथेच चाल."

"इथे बोलू कोणाशी? भिंतीशी?" म्हणत तिने माझ्याकडे पाहिलं. तळ्यावर तिच्या दोघी मैत्रिणी यायच्या. तिथून परतली की बदकांच्या भांडणांपासून लोकांच्या सुनांपर्यंत सगळं ती मला ऐकवायची.

मी जन्मभर पुस्तकात डोकं घालून बसलेला माणूस. तिच्याशी वाद घालण्याची हिंमत नव्हती, म्हणून एका पुस्तकातला उतारा वाचून दाखवला: शरीराला चालण्याशी मतलब, जागेशी नाही. पुढच्याच पानावर मनाबद्दल नेमकं उलट लिहिलं होतं. तिथे मी पुस्तक मिटलं.

वर्ष झालं. तिचं वजन उतरलं, रक्तदाब आटोक्यात आला, डॉक्टर खूश झाले. ती मात्र यंत्रावरून उतरते, घाम पुसते आणि गप्प बसते.

काल धीर करून ते पुढचं पान तिला वाचून दाखवलं. म्हटलं, "उद्या तळ्यावर जाऊ या. मीही येतो."

"अहो, हे पान तेव्हाही होतं ना पुस्तकात?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मग राहू द्या. त्या दोघींनाही आता माझी सवय राहिली नसेल," ती म्हणाली आणि तिने यंत्राचं बटण दाबलं.