पन्नासानंतरची फुली

फ्रुन्झे शहरातल्या आमच्या छापशाळेत बुरुल एजे, म्हणजे बुरुलताई, पंधरा वर्षं लिनोलियमवर छापायचे ठसे कोरत होत्या. मेंढ्या, ट्रॅक्टर, पुन्हा मेंढ्या. छापयंत्र माझ्याकडे. पन्नास प्रती निघाल्या की एजे ठशावर सुरीनं फुली मारायच्या, म्हणजे एक्कावन्नावी कुणी चोरून काढू नये. धंद्याचा नियमच तो.

बावन्न साली पक्षाच्या सचिवांचं चित्र झालं. पन्नास छापली आणि एजेंनी सवयीनं सचिवांच्या तोंडावर फुली मारली.

दोन दिवसांनी ठसा संग्रहालयासाठी न्यायला पक्षाच्या कचेरीतले कॉम्रेड साद्यकोव आले. त्यांनी बघितलं. टोपी काढली, परत घातली.

"हे कुणी केलं?"

"मी," एजे म्हणाल्या. "सगळ्यांना करते."

"सगळ्यांना? सचिवांनंतर कुणाचा नंबर आहे?"

मी शाईचा रूळ खाली ठेवला. आमच्या अक्षरजुळाऱ्याला गेल्या शरदात दोन प्रश्न विचारायला नेलं होतं. बहुतेक अजून तिसरा चालू असावा.

एजेंनी फळीवरचे ठसे काढून दाखवले. साद्यकोव वहीत लिहू लागले. "मेंढी, फुली. ट्रॅक्टर, फुली. मेंढी, फुली." त्यांच्या कपाळावरची आठी सैल पडत चालली. मग तळाशी, लोकरीच्या नमद्यात गुंडाळलेला एका म्हातारीचा ठसा निघाला. फुलीशिवाय, कोरा करकरीत.

"ही कोण?"

"आई. बाराच छापल्यात. दर वर्षी ती गेली त्या दिवशी एक काढते."

"म्हणजे सचिव संपले, आणि तुमची आई अजून चालू?"

हे वाक्य चहाच्या टपरीवर ऐकलं असतं तर मी हसले असते.

"सुरी दे गं," एजे मला म्हणाल्या.

गार लिनोलियम तडकतं, ऊब द्यावी लागते. एजेंनी आईला कोटाच्या आत काखेत धरलं. साद्यकोव घड्याळाकडे बघत उभे राहिले. मग एजेंनी तिला टेबलावर ठेवून दोन चिरा मारल्या, सरळ, पट्टी न लावता.

"पुराव्याला एक प्रत लागेल," साद्यकोव म्हणाले.

मी शाई लावली, यंत्र फिरवलं. त्यांनी कागदावर फुंकर घातली. "तुमचं नाक आईवर गेलंय हं," ते म्हणाले आणि कागद गुंडाळला. "उद्या कामावर वेळेवर या, एजे."

दार लागलं. एजे बसायला खुर्ची शोधू लागल्या. ती त्यांच्या मागेच होती.