लखनचं हसू

शहादेव गुरुजी गेवराईजवळच्या एका शाळेत शिकवायचे. हायवेवर वाळूच्या टिप्परनं एका मोटारसायकलवाल्याला चिरडलं, ते त्यांनी स्वतः पाहिलं होतं. सोमवारी कोर्टात त्यांची साक्ष होती.

शनिवारी दुपारी टिप्परमालकाचा माणूस, लखन, घरी आला. पाया पडला, चहा घेतला. साक्षीचं नावही काढलं नाही.

“करिष्माताई बीडला शिकतात ना, गुरुजी? सुट्टीला येत असतील.”

“आजच येती. साडेतीनला स्टँडवर उतरंल,” गुरुजी कौतुकानं म्हणाले.

दारात उभ्या त्यांच्या पत्नी, साखराबाई, लखनकडेच बघत होत्या. लखन हसत होता, पण नजर भिंतीवरच्या त्यांच्या लेकीच्या, करिष्माच्या फोटोवरून हलत नव्हती.

तो जाताच त्या म्हणाल्या, “अवं, काय सांगून बसलात तुमी?”

“कावून? लई चांगला पोरगा हाय. काय वाकडं बोलला तो?”

गुरुजी खरंच विचारत होते. कोण टोमणा मारतंय, कोण मनातून चिडलंय, हे त्यांना कधीच कळायचं नाही. लग्नकार्यातून परतताना साखराबाई सगळं समजावून सांगायच्या आणि हसायच्या. आज त्यांना दाखवायला एक वाकडा शब्दही सापडेना.

करिष्मा फोन उचलत नव्हती.

“गाडी काढा,” त्या ओरडल्या.

स्टँडच्या अलीकडे, गढीच्या फाट्यावर बीडची एसटी थांबली तशा त्या आत घुसल्या आणि पोरीला दंडाला धरून खाली उतरवलं. दोघी तिथंच राहणाऱ्या साखराबाईंच्या भावाकडे, बंकटकडे गेल्या. गुरुजींना मात्र पटलं नव्हतं. ते स्टँडवर जाऊन आले ते घामानं भिजूनच.

“लखन होता. संगं दोघं. उतरणाऱ्या एकेका पोरीचं तोंड बघत होते. मला म्हणला, ‘ताई न्हाई आल्या का?’” ते खाली टेकले. “साखरा, मला त्याचं हसू अजूनबी चांगलंच वाटलं गं.”

त्याचीच त्यांना जास्त भीती वाटत होती.

त्याच संध्याकाळी त्यांनी पोलिसांत तक्रार दिली. सोमवारी साखराबाई कोर्टात समोरच बसल्या. गुरुजींनी पाहिलं तसं सगळं सांगितलं. करिष्मा पुढचे दोन महिने मामाकडे राहिली. आणि दारात कुणी आलं, की गुरुजी तोंड उघडण्याआधी बायकोकडे बघू लागले.