सुती वायरिंग

“ओढू नकोस रे! लेकीची वेणी घालावी तशी बांध. घट्ट, पण डोकं दुखणार नाही अशी.”

चाळीस वर्षांपूर्वी उस्तादांनी खेकसून सांगितलेलं ते वाक्य मिस्त्रींच्या बोटांत मुरलं होतं. गाड्यांच्या वायरिंगमध्ये त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. आज मात्र बाकावर दोन पुडकी होती आणि हात मांडीवरून उठत नव्हता.

एका पुडक्यात अख्खं तयार वायरिंग. प्लॅस्टिकचं, टोकाटोकाला छापील आकडे. दुसऱ्यात सुती विणीच्या रंगीत वायरींची भेंडोळी. वडिलांची जुनी गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची म्हणून समोर बसलेल्या बाईंनी ही भेंडोळी वर्षभर धुंडाळून मिळवली होती. बाई निवृत्त मुख्याध्यापिका. साधं काही विचारलं तरी उलटतपासणी वाटायची.

“तयार घ्या. आकडे जुळवले की झालं.”

“आकडे मलाही जुळवता येतात. मग तुम्ही कशाला?”

“सुती वायर उंदीर कुरतडतात, बाई.”

“तीस वर्षांत त्यांनी सीट खाल्ली, वायर नाही! आणि प्लॅस्टिकचं वायरिंग म्हणजे आजोबांना शाळेचा गणवेश, असं मागच्या खेपेला कोण म्हणालं होतं?”

मिस्त्री कसनुसं हसले. महिन्याभरापूर्वी एका टेम्पोत त्यांच्या हातून निळ्या-हिरव्या वायरींची अदलाबदल झाली होती. दिवे लावावेत तर वायपर हलायचे. “आता हॉर्न दाबला की पंखा फिरेल का, मिस्त्री?” चालक हसून हसून बेजार. त्यांनीही ते थट्टेवारी नेलं, आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप डोळे तपासून आले. नजर राहील, रंग परतायचे नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. बाहेर कळलं की दुकानाची पाटी उतरवायचीच.

“निळी दिव्यांची ना?” बाईंनी भेंडोळी पुढे सरकवली. “काढा ती. तिथूनच सुरुवात करू.”

मिस्त्रींचा हात भेंडोळ्यांवर फिरला. या टोकाकडून त्या टोकाकडे, आणि रिकामाच मागे आला. समोर सगळं एकाच मळकट रंगाचं.

बाईंचा चेहरा उतरला. त्या एकेक भेंडोळं पिशवीत भरू लागल्या.

“कळलं. या खटाऱ्यावर वेळ घालवायचा नाहीये तुम्हाला. सरळ नाही म्हणायचं होतंत.”

त्या उठल्या, दारापर्यंत गेल्यासुद्धा. मिस्त्रींनी लगबगीनं पुढे होऊन पिशवीचा बंद धरला.

“खटारा म्हणू नका तिला. करतो मी, सुतीच करतो. फक्त निळी कुठली, हिरवी कुठली, तेवढं शेजारी बसून सांगाल का, बाई? मला आता रंग दिसत नाहीत.”