शेवटच्या पानाची पुडी

उमापूरच्या बाजारगल्लीतला चन्नप्पा किराणावाला म्हणजे सरळ माणूस. किती सरळ, तर काटा गिऱ्हाइकाच्या बाजूला जरासा झुकल्याशिवाय ह्याला चैन पडत नसे. कपाळावर विभूती, नाकावर घसरता चष्मा, वय एक्केचाळीस. अशा माणसानं जन्मात एकच मोठी थाप मारली होती, तीही तेरा वर्षांचा असताना, आणि ती अठ्ठावीस वर्षं पचली. आता सत्त्याण्णव सालच्या चैत्रात गेवराईच्या टॉकीजपायी ती उघडी पडायची होती. देवाघरी न्याय आहे म्हणतात. पण तो मॅटिनीला मिळतो, हे चन्नप्पाला ठाऊक नव्हतं.

भानगड होती उल्कावीराची. उल्कावीर कोण, हे आता सांगावं लागतं ही आपली दळभद्री अवस्था. एकोणसत्तर साली कुणाला सांगावं लागत नव्हतं. एका साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर त्याची चित्रकथा यायची. आकाशातून पडलेल्या उल्केचा खडा मनगटावर बांधलेला गडी, एका हातानं भरली बैलगाडी उचलायचा आणि भांडणात पहिला हात कधी टाकायचा नाही. खोट एकच. खड्याला पाणी लागलं की ताकद कायमची गेली. त्यामुळं हा बहाद्दर पाऊस आला की घरात बसून राहायचा, आणि नेमके दुष्ट लोक पावसाळ्यातच दरोडे घालायचे.

साप्ताहिक यायचं पोस्टमास्तरांकडं. महिन्याची रद्दी झाली की ती चन्नप्पाच्या वडिलांच्या, म्हणजे सिद्धारामअप्पांच्या, दुकानात पुड्या बांधायला यायची. अप्पांचा हात गठ्ठ्यावर पडायच्या आत चन्नप्पा उल्कावीराची पानं काढून घ्यायचा आणि खळीनं वहीत चिकटवायचा. हे त्यानं एकट्यासाठी केलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. पण वर्गात आश्रुबा होता. दसरा झाला की आश्रुबाचे आईबाप कोयते घेऊन साखर कारखान्याच्या वाटेला लागायचे आणि त्यांच्या गाडीत आश्रुबाही असायचा. सहा महिने ऊसतोड. कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला की चैत्रात परत. परत आला की हा आधी घरी न जाता दुकानामागच्या लिंबाखाली यायचा, आणि चन्नप्पा सहा महिन्यांची पानं त्याला आवाज काढून वाचून दाखवायचा. आश्रुबा डोळे मिटून ऐकायचा. चन्नप्पानं त्याला शब्द दिला होता की तू बिनघोर जा, एक बी पान हुकणार न्हाई.

आणि हुकलंच. अडुसष्टच्या कार्तिकात चन्नप्पा आईबरोबर कपिलधारच्या यात्रेला गेला. जाण्याआधी अप्पांना दहादा बजावलं होतं, पण बाजारचा दिवस, गिऱ्हाईक दारात उभं, अप्पांनी दिसला तो कागद फाडला. गेलं ते नेमकं शेवटचं पान. त्याच्या आधीच्या पानावर उल्कावीर बारवेच्या काठावर उभा होता. आत एक पोर पडलेली, समोर दुष्ट भुजंगराव हसतोय आणि म्हणतोय की मार उडी, एक तर पोर जाईल नाही तर तुझी ताकद. खाली चौकटीत लिहिलेलं, समाप्ती पुढील अंकी. एवढं आश्रुबानं दसऱ्याला जाण्याआधी ऐकलेलं होतं.

चन्नप्पा आठ दिवस घरोघर हिंडला. कुणी हळद नेली होती, कुणी चहापत्ती. एका घरी कळलं की त्या कागदानं चूल पेटवली, तर हा चुलीपुढं राखेकडं बघत बसला. साप्ताहिकाला कार्ड टाकलं, उत्तर आलं नाही, पुढं साप्ताहिकच बंद पडलं. मग चैत्र आला, आश्रुबा आला, हाताला फोड, ओठ उललेले, आणि लिंबाखाली बसायच्या आधीच त्यानं विचारलं की मारली का उडी? सहा महिने पोरगं त्या उडीची वाट बघत ऊस वाहत होतं. चन्नप्पाच्या तोंडून खरं निघेना. त्यानं वहीचं शेवटचं कोरं पान आपल्याकडं धरलं आणि त्यावर काही लिहिलेलं असल्यासारखा वाचत सुटला.

त्यानं वाचलं, की उल्कावीरानं उडी मारली. खडा विझला. पोरीला घेऊन तो वर आला, साधा माणूस होऊन. भुजंगराव म्हणाला, आता कसा लढशील, ताकद तर गेली. तेव्हा उल्कावीर म्हणाला, ताकद गेली तर जाऊ दे, हात हायेत की अजून. मग गावच्या लोकांनी काठ्या काढल्या आणि भुजंगरावाला पांदीच्या वाटेनं पळवला. समाप्त. आश्रुबानं डोळे उघडले नाहीत, नुसती मान हलवली. त्याचे गाल ओले झाले होते.

त्याच वर्षी आश्रुबाची शाळा सुटली आणि त्याच्या हातात कोयता आला. पोरवयात मारलेली थाप आपण विसरून जातो. पण ही थाप विसरू देईना. चौऱ्याऐंशी साली उसाच्या फडात आश्रुबाच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. मुकादम म्हणाला, हा गडी कामातून गेला. आश्रुबानं महिन्याभरात उरलेल्या तीन बोटांनी ऊस धरायला शिकून घेतलं आणि गावी आल्यावर चन्नप्पाला हात दाखवून म्हणाला, उल्कावीरानं काय सांगितलं व्हतं, हात हायेत की अजून. पुढं पोरगी दिपाली सहा वर्षांची झाली, तेव्हा ऊसतोडीच्या टोळीतले सगळे आपली पोरं गाडीत घालून नेत होते, ह्यानं तिला चकलांब्याला बहिणीकडं ठेवलं, शाळेसाठी. बारवेतून काढलेली पोर पुन्हा बारवेत कशी टाकू, असं त्याचं म्हणणं. आता दिपालीनं बारावीची परीक्षा दिली होती. असं काही ऐकलं की चन्नप्पा ते कोरं पान काढून बघायचा. एका पुडीच्या कागदावर ह्यानं जन्म उभा केला, आणि तो कागदही कोरा.

तर त्या चैत्रात टोळ्या परतल्या आणि दुसऱ्या दिवशी आश्रुबा दुकानात आला तो धापा टाकतच. गेवराईच्या स्टँडवर त्यानं पोस्टर बघितलं होतं. मुंबईच्या कुण्या पैसेवाल्यानं चित्रकथेचे हक्क घेऊन उल्कावीरावर हिंदी सिनेमा काढला होता. रविवारी बाराच्या खेळाला तू, मी आणि दिपाली, असं आश्रुबानं ठरवूनही टाकलं. लिंबाखाली ऐकलेला शेवट त्याला पोरीला पडद्यावर दाखवायचा होता.

चन्नप्पाची अवस्था सांगायची सोय नाही. अठ्ठावीस वर्षं त्याला एकाच गोष्टीची भूक होती, की उल्कावीरानं खरंच काय केलं. आणि तेच आता आश्रुबाच्या शेजारी बसून बघायचं होतं. खरा शेवट वेगळा निघाला तर आश्रुबाला कळणार, की आपण ज्याच्यावर भार टाकून उभे राहिलो ते मित्राच्या तोंडचं वारं होतं. शनिवारी रात्री तो जेवला नाही. त्याची बायको नीलम्मा म्हणाली, सिनेमाला चाललात का कोर्टात?

पण खरं सांगायचं तर सिनेमा सुरू झाला आणि चन्नप्पा सगळं विसरला. कागदावरचा, खळीचा वास येणारा उल्कावीर पडद्यावर उभा, दोन पुरुष उंच. त्यानं भरली बैलगाडी एका हातानं उचलली तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा हा किराणावाला ढसाढसा रडला. शेजारी आश्रुबा शिट्ट्या मारत होता आणि दिपाली कपाळाला हात लावून दोघांकडं बघत होती.

मध्यंतरानंतर मात्र सिनेमावाल्यांनी घाण केली. उल्कावीर बर्फात नाचायला गेला. बर्फ म्हणजे पाणी नाही का रे, असं पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं. बारवेच्या जागी परदेशी हॉटेलातला निळाशार हौद आला, पोरीच्या जागी नटी आली, आणि शेवटाला उल्कावीरानं काठावर उभं राहून खड्यातून असा काही उजेड सोडला की हौदातलं पाणीच उडून गेलं. उडी नाही की काही नाही. ताकद शाबूत, खडा शाबूत, केसांचा भांगही शाबूत. वर त्यानं थंड बाटलीचा घोट घेतला आणि नटीला मिठी मारली.

चन्नप्पानं श्वास सोडला. ह्या मूर्खांनी खरा शेवट घेतलाच नव्हता, म्हणजे चन्नप्पाची थाप वाचली होती. त्याला हायसंही वाटलं आणि त्याच वेळी पुन्हा एकदा चुलीपुढं बसल्यासारखंही वाटलं. आता खरं कधीच कळणार नव्हतं.

आश्रुबा मात्र पेटला होता. एसटीत बसल्यापासून तो दिपालीला सांगत होता की हे समदं खोटं, ह्यांनी शेवटचं पान वाचलंच न्हाई. उमापूरला उतरल्यावर तो घरी गेला नाही, तडक दुकानात आला.

"चन्नप्पा, वही काढ. शेवटचं पान पोरीला दावायचंय."

टाळता आलं असतं. वही उंदरांनी खाल्ली म्हटलं असतं तरी आश्रुबानं मान हलवली असती. पण तोच विश्वास चन्नप्पाला सहन होईना. त्यानं ट्रंकेतून वही काढली, शेवटचं पान उघडलं आणि गल्ल्यावर ठेवली. कोरं पान पिवळं पडलं होतं.

"पान कुठंय?"

"न्हाई. तवाच न्हवतं. अप्पांनी पुडीला फाडलं, म्या कपिलधारला गेलतो. तुला सांगितलं ते म्या रचून सांगितलं, आश्रुबा. उल्कावीरानं उडी मारली का न्हाई, मला म्हाईत न्हाई."

आश्रुबानं त्या कोऱ्या पानावरून बोट फिरवलं. मग आपल्या तीन बोटांच्या हाताकडं बघितलं. "अठ्ठावीस वर्सं बे," एवढंच म्हणाला, आणि नीलम्मानं आणलेला चहा तसाच ठेवून पायऱ्या उतरला. दिपाली त्याच्या मागं गेली.

त्यानंतर आठ दिवस आश्रुबा दुकानात फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी कळलं की तो साखर-चहा सुंदररावाच्या दुकानातून नेतो. गावात ह्याहून मोठी शिक्षा नसते. चन्नप्पानं काट्यावर चूक केली, गिऱ्हाइकाला डाळीच्या जागी साबुदाणा दिला. नीलम्माला सगळी हकिगत कळली तेव्हा तिनं फटकारलं की आता घरी जाऊन त्याच्या पाया पडा. तो दोनदा निघाला आणि दोनदा चावडीपासून माघारी आला. काय तोंड घेऊन जायचं, हेच त्याला उमगेना.

नवव्या दिवशी बाजार होता. भर गर्दीत आश्रुबा दुकानाची पायरी चढला, मागं दिपाली. त्यानं गिऱ्हाइकांना बाजूला सारलं आणि म्हणाला, वही काढ. चन्नप्पानं काढली. आश्रुबानं दिपालीच्या हातात पेन दिलं आणि कोऱ्या पानावर बोट ठेवलं. ती लिव्हती, म्या सांगतो, असं म्हणून त्यानं डोळे मिटले.

आणि आश्रुबानं तो शेवट सांगितला, अथपासून इतिपर्यंत. कुठला शब्द कुठल्या आवाजात होता तेही त्याला आठवत होतं. भुजंगरावाला पांदीनं पळवताना त्याचा एक जोडा चिखलात रुतला, हे चन्नप्पा स्वतः कधीच विसरला होता. गिऱ्हाइकं पिशव्या धरून ऐकत उभी राहिली. उडीचं सांगताना मात्र आश्रुबा म्हणाला, खडा इझला, उल्कावीराच्या अंगात बळ न्हाई, तो बुडाया लागला. तवा त्या पोरीनं बारवेची पायरी धरली आणि दुसरा हात त्याला दिला. पोरीनं त्याला वर काढलं.

चन्नप्पानं मान वर केली. "हे म्या सांगितलं न्हवतं."

"न्हाई," आश्रुबा डोळे न उघडता म्हणाला. "ते माजं हाय. रोज सांजच्याला टोळीतल्या पोरांना सांगायचो. दिपी चार वर्साची आसताना म्हणली, पोरीनं काहून काई केलं न्हाई? तवापासनं घातलं. तुला सांगायला भ्यालो, म्हणलं छापलेलं हाय, चन्नप्पाला राग यील."

चन्नप्पानं चष्मा काढला आणि पुसायला घेतला. 

"लई राग आलता तुझा," आश्रुबा म्हणाला. "मंग इचार केला. बोटं गेली तवा हिंमत उल्कावीरानं दिली म्हणत व्हतो. ती तू दिलती. आता ती तुझ्या नावावर मांडली तर हिशेब चुकतो व्हय?"

दिपालीनं शेवटची ओळ लिहिली आणि विचारलं, खाली लिहिणाऱ्याचं नाव कुणाचं घालू? दोघं एकमेकांकडं बघायला लागले. मग तिनं आपल्याच मनानं दोन नावं लिहिली, आणि पोरीनं काही का केलं नाही, हा प्रश्न आपण विचारला होता म्हणून तिसरं आपलंही.

चन्नप्पानं शाई वाळेपर्यंत वही हातात धरली, मग ट्रंकेत न ठेवता गल्ल्याशेजारी उभी केली. तेवढ्यात एका गिऱ्हाइकानं हळदीची पुडी मागितली. त्यानं रद्दीचा कागद उचलला, सवयीनं दोन्ही बाजूंनी वाचून बघितला आणि मग पुडी बांधली. आश्रुबानं पावशेर चहापत्ती मागितली आणि तो पोत्यावर टेकला.

"हां, आता सांग," तो म्हणाला. "भुजंगराव जोडा घ्याया माघारी आला असंल ना?"